हे प्राणी इथे का कोंडले आहेत?



कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरल्यावर आम्ही नारायणगडावर जाऊन आलो. गडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं स्थान. आपण जैन असलो तरी बीडकडच्या माणसाचं गडाशी नातं असतंच. ह्यांच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक गडाच्या वाटेवरच्या गावांतलं, त्यामुळे वर्षातून एकदा तरी तिकडे फेरी होते.

येताना माळावर हरणांचा कळप दिसला. वीस-पंचवीस असतील. मधोमध एक काळवीट, पीळदार शिंगांचा, मान ताठ करून उभा. मी गाडी थांबवायला लावली आणि नकळत हात जोडले. शेजारच्या बांधावर एक बाई खुरपं घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काकू, तुमी हात जोडा. आमाला रात रात जागावं लागतंय. सप्टेंबरात पान्यानं नेलं, आन् आता नवी पेरलेली ज्वारी वर आली की ही येत्यात. तुमची दया खरी, पर माझ्या दीड एकराचं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. यंदाच्या अतिवृष्टीत या भागातली शेतं कशी वाहून गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मी आपली "खरं आहे बाई तुझं" म्हणून गाडीत बसले. पण तिचा प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

रात्री नातवाला हे सांगितलं, तर त्यानं मोबाइलवर एक चित्रफीत लावून दिली. मध्य प्रदेशात, माळव्यातल्या शाजापूर-उज्जैन भागात, नुकतंच म्हणजे ऑक्टोबर 2025 मध्ये वनखात्यानं हेच काम केलं होतं. तिथेही काळवीट आणि नीलगाई शेतं खातात म्हणून शेतकरी मेटाकुटीला आले होते. दक्षिण आफ्रिकेतून जाणकार बोलावले, एक छोटं हेलिकॉप्टर आणलं. शेताच्या कडेला हिरव्या जाळीच्या दोन लांब भिंती उभारल्या, सुरुवातीला रुंद आणि पुढे पुढे अरुंद, नरसाळ्यासारख्या. या पद्धतीला 'बोमा' म्हणतात. आफ्रिकेत गुरांच्या कुंपणाला हा शब्द आहे. वरून हेलिकॉप्टर कळपाला हळूहळू त्या तोंडाकडे वळवतं, जनावरं आत शिरली की पडदा ओढतात आणि अरुंद टोकाला लावलेल्या गाडीत ती चढतात. बेशुद्ध करावं लागत नाही. 846 काळवीट आणि 67 नीलगाई अशा पकडून गांधीसागर, कुनो यांसारख्या जंगलांत नेऊन सोडल्या. बिहारमध्ये 2016 साली याच नीलगाईंना सरकारी परवानगीनं गोळ्या घातल्या होत्या. ते आठवलं की माळव्यातली रीत कितीतरी बरी वाटते.

मलाही बरंच वाटलं. म्हटलं, चला, त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. जीव वाचला, पीकही वाचलं.

पण ती चित्रफीत संपली आणि आपोआप दुसरी सुरू झाली. अमेरिकेतली. तिथेही तसंच हेलिकॉप्टर, तसंच नरसाळं, फक्त आत धावत होते घोडे. धुळीच्या लोटात एक शिंगरू मागे पडलं होतं. आई पुढे, हेलिकॉप्टर मागे, आणि ते मधे एकटं. मी मोबाइल उलटा ठेवला. पण नंतरचे पंधरा दिवस सवड मिळेल तेव्हा या घोड्यांबद्दलच वाचत राहिले. माळव्यात आज जे पहिल्यांदा झालं, ते अमेरिकेत जवळजवळ पन्नास वर्षं चाललं आहे. म्हणून त्यांचा जमा-खर्च आपण पाहायला हवा असं मला वाटलं.

घोडा हा प्राणी मुळात उत्तर अमेरिकेतच घडला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तिथून नाहीसा झाला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून पुन्हा नेला. सुटलेले, पळालेले, सोडून दिलेले घोडे पश्चिमेकडच्या कोरड्या माळांवर रानटी झाले. त्यांना 'मस्टँग' म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ मालक नसलेलं जनावर. ज्याला मालक नाही त्याला वाली नाही, हे आपल्याकडेही खरंच की. मोटारी आणि ट्रॅक्टर आल्यावर घोड्याचं काम संपलं, आणि विसाव्या शतकात हे घोडे हजारोंनी पकडून कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यासाठी आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी कापले जाऊ लागले. पकडायला विमानं वापरत. वरून घाबरवायचं, दमवायचं, मग ट्रकमधून पाठलाग करायचा.

1950 सालची गोष्ट. नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात व्हेल्मा जॉन्स्टन नावाची बाई विमा कचेरीत सेक्रेटरी होती. लहानपणी पोलिओ झालेला, त्याच्या खुणा अंगावर जन्मभर राहिल्या. एका सकाळी कामावर जाताना तिच्या पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. ती त्या ट्रकच्या मागे गेली. आत कत्तलखान्याकडे निघालेले जखमी घोडे होते, दाटीवाटीनं कोंबलेले, आणि त्यांच्या पायांखाली एक शिंगरू तुडवलं गेलेलं.

सख्यांनो, आपण रस्त्यानं जाताना असा ट्रक पाहिला तर काय करतो? मी सांगते मी काय करते. मी तोंड फिरवते आणि णमोकार मंत्र म्हणते. व्हेल्मा मागे गेली. माझ्यात आणि तिच्यात एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

पुढची वीस-एकवीस वर्षं तिनं नोकरी सांभाळून पत्रं लिहिली, फोटो जमवले, सभांमध्ये बोलली. विरोधक तिला 'जंगली घोड्यांची ॲनी' म्हणून हिणवत. तिनं तेच नाव मिरवलं. आधी तिच्या जिल्ह्यानं, मग 1955 मध्ये राज्यानं आणि 1959 मध्ये सबंध देशानं कायदा केला की सरकारी जमिनीवर रानटी घोडे पकडायला विमान किंवा मोटार वापरायची नाही आणि त्यांच्या पाणवठ्यात विष घालायचं नाही. शाळेतल्या मुलांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला होता. 1971 च्या डिसेंबरात त्याहून मोठा कायदा झाला. या घोड्यांना आणि गाढवांना देशाच्या इतिहासाची जिवंत खूण मानून सरकारनं त्यांच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. दोन्ही सभागृहांत त्याला एकही मत विरोधात पडलं नाही.

(आपल्याकडे याच सुमाराला, 1960 मध्ये, प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागेही एक बाईच होती, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. राज्यसभेत त्यांनी स्वतः विधेयक मांडलं म्हणून सरकार हललं.)

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण रक्षण मिळाल्यावर घोडे वाढले. त्यांना मारणारी जनावरं त्या भागात फारशी उरली नव्हती. त्याच माळांवर पशुपालकांची गुरं परवान्यानं चरतात. पाऊस बेताचाच. चारा आणि पाणी मोजकं, खाणारे फार. मग 1976 मध्ये कायद्यात बदल झाला आणि घोडे पकडण्यासाठी हेलिकॉप्टरला पुन्हा परवानगी मिळाली. ज्या गोष्टीविरुद्ध ॲनी उभी राहिली होती तीच गोष्ट तिच्याच कायद्याच्या छत्राखाली परत आली. पुढच्या वर्षी, 1977 मध्ये, ती वारली.

हे काम आजही चालू आहे. पद्धत अशी : डोंगराच्या आडोशाला लोखंडी कठड्यांचा वाडा बांधतात, त्याच्या तोंडाशी गोणपाटाच्या दोन लांब भिंती. हेलिकॉप्टर मैलोन् मैल कळपाला पुढे घालून आणतं. भिंतींच्या तोंडाशी आला की शिकवलेला एक पाळीव घोडा सोडतात. तो सरळ वाड्यात धावतो, आणि त्याच्या भरवशावर बाकीचे आत जातात. मग दार लागतं. नर, माद्या, शिंगरं वेगळी करतात. घोड्यांचे कळप म्हणजे कुटुंबंच असतात. एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं वर्षानुवर्षं एकत्र राहतात. ती त्या एका तासात मोडतात. मानेवर अतिथंड शिक्क्यानं क्रमांक उमटवतात, नरांचं खच्चीकरण करतात आणि ट्रकमधून दूरच्या आवारांत नेतात.

खात्याचे नियम आहेत, आणि ते नियम का आले हे समजून घेण्यासारखं आहे. मार्च ते जून हा शिंगरं जन्मण्याचा काळ, तेव्हा आणीबाणीशिवाय हेलिकॉप्टर वापरायचं नाही. फार उष्मा असेल तर काम थांबवायचं. हेलिकॉप्टर जनावराच्या अंगाला लागता कामा नये. 2015 मध्ये या सगळ्याची एक नियमावली झाली. ती आपोआप झाली नाही. लोक कॅमेरे घेऊन तिथे जाऊन बसत होते म्हणून झाली. लांब टेकडीवर, थंडीत, उन्हात, दिसेल तेवढं टिपत. 2011 मध्ये नेवाडात हेलिकॉप्टर एका दमलेल्या घोड्याला जवळजवळ भिडल्याचं चित्रीकरण न्यायालयात गेलं आणि न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. ते चित्रीकरण करणारी पत्रकार लॉरा ली हिनं आणखी एक दावा लढवला : आम्हाला जवळून पाहू द्या. 2012 मध्ये वरिष्ठ न्यायालयानं खालच्या न्यायालयाला बजावलं की सरकारी कामावर नजर ठेवण्याचा नागरिकांचा हक्क हलक्यानं घेता येणार नाही, नीट तपासा. पाहण्याचा हक्क मागायला न्यायालयात जावं लागतं, यातच सगळं आलं.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. आम्हाला बी.कॉम.ला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. माळावरून घोडा उचलला ही एक बाजू. तो गेला कुठे, ही दुसरी. अमेरिकी सरकारच्या 2024 च्या मोजणीत माळांवर सुमारे 73 हजार घोडे आणि गाढवं होती. जमिनीला झेपतील अशी त्यांनी ठरवलेली संख्या पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास. आणि पकडून आवारांत, भाड्याच्या कुरणांत ठेवलेली जनावरं साठ हजारांहून जास्त. या सगळ्या योजनेच्या खर्चातला निम्म्याहून बराच जास्त पैसा फक्त या कोंडलेल्या जनावरांना खाऊ घालण्यात जातो. मग माळावरचं काम करायला पैसा उरत नाही. 2013 मध्ये त्यांच्याच विज्ञान अकादमीनं सांगितलं की नुसतं पकडून नेल्यानं मागे राहिलेल्यांना चारा मुबलक होतो आणि ते दरवर्षी शेकडा पंधरा-वीसनं वाढतात. त्यापेक्षा माद्यांना गर्भनिरोधक लस द्या. ती दुरून, सुईचा बाण मारून देता येते. ते काम चिकाटीचं, गाजावाजा नसलेलं. हेलिकॉप्टर मात्र दिसायला झटपट.

ओझं कमी करायला 2019 मध्ये घोडा दत्तक घेणाऱ्याला 1000 डॉलर द्यायची योजना काढली. हेतू चांगला. पण पैसे हातात पडल्यावर काही लोकांनी घोडे लिलावात विकले आणि त्यातले काही कत्तलखान्याच्या वाटेला लागल्याचं 2021 मध्ये वर्तमानपत्रांनी उघड केलं. 2025 मध्ये न्यायालयानं ती योजना रद्द केली. म्हणजे ॲनीनं जो ट्रक पाहिला होता, त्याच ट्रकमध्ये सत्तर वर्षांनी दुसऱ्या दारानं घोडे चढले.

हे वाचताना मला राहून राहून नेमिनाथ भगवान आठवत होते. पाठशाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली कथा. राजुलशी लग्न करायला वरात निघालेली, वाजंत्री वाजते आहे, आणि वाटेत एका वाड्यात कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानी येतो. नेमिकुमार सारथ्याला विचारतात, हे प्राणी इथे का कोंडले आहेत? उत्तर मिळतं, आपल्याच लग्नाच्या जेवणासाठी. प्राणी सोडवले जातात आणि रथ गिरनारकडे वळतो.

आजवर मी या कथेतलं वैराग्य पाहत आले. या वेळी पहिल्यांदा तो प्रश्न ऐकू आला. वरातीतल्या शेकडो माणसांना तो आक्रोश ऐकू येतच होता. विचारलं एकट्यानं. आणि उत्तर आलं ते असं की हे तुझ्यासाठीच आहे.

आपल्या श्रावकांच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवा. कोंडून किंवा बांधून ठेवणं, मारहाण करणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढा भार घालणं आणि अन्नपाणी अडवणं. यात ठार मारणं नाहीच, कारण तिथे व्रतच मोडतं. मारलं नाही तरी व्रताला डाग लागतो तो या पाच गोष्टींनी. मी वहीत एका बाजूला हे पाच लिहिले आणि दुसऱ्या बाजूला त्या घोड्यांचं काय होतं ते. वाडा, चाबूक, खच्चीकरण, उन्हातली मैलोन् मैल दौड, आईच्या दुधाला तुटलेलं शिंगरू. पाचही रकाने भरले. आणि अमेरिकेच्या नियमावलीतले बरेचसे नियम या पाचांनाच आळा घालायला केलेले आहेत! आपल्या आचार्यांनी हे किती आधी मांडून ठेवलं होतं, असं म्हणून मला अभिमान वाटला. पण तो अभिमान फार टिकला नाही.

कारण मग आपला पांजरपोळ आठवला. 1832 मध्ये मुंबईत इंग्रज सरकारनं मोकाट कुत्री मारायला प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं होतं. पैशाच्या लोभानं लोक घरात शिरून, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. 6 जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद. दंगल मोडून काढली गेली, पण मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेण्याचं ठरलं. तेव्हा जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांनी तोच प्रश्न विचारला असणार : नेणार, पण ठेवणार कुठे, आणि खर्च कुणाचा? 1834 मध्ये भुलेश्वर भागात पांजरपोळ उभा राहिला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःच लागा बसवला आणि तो पैसा तिकडे वळवला. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. ज्यांना दया हवी होती त्यांनी तिची किंमत आपल्या वहीत खर्ची टाकली, दुसऱ्याच्या नाही.

आणि मी? दरवर्षी दशलक्षणात जीवदयेची पावती फाडते आणि विसरून जाते. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत एका गोशाळेत सहज डोकावले होते. जागा शंभराची, जनावरं दुपटीहून जास्त. पाण्याचा हौद कोरडा. एक म्हातारी गाय बसलेली, उठता येत नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, आणून सोडणारे पुष्कळ, विचारायला येणारं कुणी नाही." मी तिथे आणखी एक पावती फाडली आणि बसमध्ये जाऊन बसले. ते आवार माझ्यासारख्यांच्या पैशावर चालत होतं. म्हणजे तो वाडाही माझ्याच वरातीच्या वाटेवर होता. मी विचारलं मात्र नाही.

म्हणून त्या बांधावरच्या बाईला आता काय सांगावं याचा मी विचार केला. हरणांना हात लावू नका, असं सांगायचा मला हक्क नाही, कारण ज्वारी तिची जाते, माझी नाही. तिच्या दीड एकरावर मी माझं पुण्य कमवू शकत नाही. उद्या आपल्या जिल्ह्यातही माळव्यासारखं हेलिकॉप्टर आलं तर ते गोळीपेक्षा नक्कीच बरं. पण तेव्हा आपण विचारायला हवं. पिल्लांचा काळ टाळला का? किती पकडली, किती दगावली? जिथे सोडली तिथे पाणी आहे का? वर्षानं त्यातली किती जिवंत आहेत? आणि आपल्या माळावर मागे राहिलेल्यांना गवत उरावं यासाठी काय केलं? पहिला आकडा वर्तमानपत्रात येतो. बाकीचे विचारल्याशिवाय येत नाहीत.

तोवर मी एक छोटं काम केलं आहे. रानडुकरं, हरणं यांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा, कागद यांत बायका अडकतात आणि नाद सोडून देतात. कागद भरणं मला जमतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा नारायणगडाच्या वाटेला जाऊन त्या बाईला शोधणार आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दुकानाच्या हिशेबाला वेळ नाही म्हणतेस, आणि हरणांचा हिशेब लिहायला निघालीस?" मी म्हटलं, तो माझ्याच नावावर थकलेला आहे.

आणि यंदा पावती फाडण्याआधी जागा बघून येणार. तुमच्यापैकी कुणी बरोबर येणार असेल तर दोघी-तिघी मिळून जाऊ. हौदात पाणी आहे का, एवढं बघायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

जय जिनेंद्र.